यंदाची मिरची

संगव्वा मावशींच्या चटणीत तिखट किती घालायचं, हे त्यांची जीभ ठरवायची. आमच्या शेजारची खोली त्यांची, दारातच उखळ. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट असं सगळं तेल सुटेपर्यंत कुटायच्या, मग चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या. मी शाळेत शिकवणारी, म्हणून त्यांच्या लेखी मोजमाप करणारी बावळट. "अवो बाई, चमच्यानं तिकट मोजतीया तिनं चुलीम्होरं बसूच नये," म्हणायच्या. "डोळ्यात पानी यावं, पर नाक वाहू नये. तेवढं जमलं की झालं."

नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं, दुकानांना चटणी विकून, त्या उखळावरच संसार ओढला होता. त्यामुळे चटणीला कुणी नाव ठेवलं की जिवाला लागायचं. माझी लेक जर्मनीला निघाली तेव्हा तिच्या बॅगेत त्यांनी दोन किलो चटणी कोंबली. "तिकडची मिरची म्हंजी नुसता रंग. पोरगी उपाशी मरंल की!"

गेल्या वर्षी त्याच लेकीचा फोन आला. "आई, तू पाठवतेस ती मावशींची चटणी हल्ली बेचव लागते गं." मलाही ते जाणवलं होतं. दुकानदारसुद्धा पाकिटं परत पाठवत होते. पण मावशींना सांगणार कोण? शेवटी मीच गेले. त्या दारात बसून दातांना तंबाखूची मिश्री लावत होत्या. आमच्या गल्लीत निम्म्या बायका लावतात, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"मावशी, तिखटाला हात का आखडता घेताय? महाग झालं म्हणून?"

मावशी आधी कन्नडमध्ये कडाडल्या, मग मराठीवर आल्या. "काय बोलताय! यंदाची मिरचीच लई जहाल हाय. जिबंवर ठिवली की आग आग हुती. लोकास्नी कसं द्यायचं तसलं?"

"मिरचीला कशाला नावं ठेवता? तुमची जीभच बिघडलीय," मी फणकाऱ्यानं म्हणाले आणि निघून आले.

आमचं बोलणं बंद झालं, ते सहा महिने. मीही मेली हट्टी. भिंतीपलीकडून उखळाचा आवाज येत राहिला. नंतर कळलं, त्यांनी मिरची बदलली, तिखट निम्म्यावर आणलं, तरी आग थांबेना. एक दिवस दूधभात खातानाही त्या कळवळल्या, तेव्हा कुठं तोंडातच काहीतरी बिघडलंय हे त्यांच्या ध्यानात आलं. भांडण विसरून त्या माझ्याच दारात आल्या आणि तोंड उघडून दाखवलं. गालाच्या आत रुपयाएवढी जखम होती. मी त्यांना तशाच दवाखान्यात घेऊन गेले.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. कॅन्सर पसरला होता. "सहा महिने आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं," ते म्हणाले.

बाहेर बाकावर मावशी वाट बघत होत्या. "काय म्हनले?"

"तोंडात जखम आहे. त्याचीच आग होत होती."

"म्हंजी मिरची चांगलीच हुती की," त्या हळूच म्हणाल्या. "मी उगंच शिव्या दिल्या तिला."

पुढं नाकात नळी आली. तीन महिन्यांत मावशी गेल्या.

लोक म्हणतात, नशिबाचा भोग. कसला भोग? तपासणीच्या सहा महिने आधी त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं होतं, आग होते म्हणून. दवाखाना इथून दोन चौक पुढं. आणि मी, चार बुकं शिकलेली, त्यांच्या दारात उभी राहून चटणीसाठी भांडत होते.