आधी पाय धुऊन या

चर्चच्या मागच्या अंगाला एक नळ आहे. त्या नळाखाली करुणाबाईंनी माझ्या आईचे पाय घासले. भांड्याच्या काथ्याने.

पवित्र गुरुवारची संध्याकाळ होती. एप्रिलचं ऊन दिवसभर पाइपावर पडलेलं, म्हणून नळाला पाणी गरम येत होतं. आई दगडावर बसली होती, साडी पोटऱ्यांपर्यंत वर धरून. सगळ्या बायकांसमोर. माझ्यासमोर. करुणाबाईंच्या हातात रबरी मोजे होते. बादलीत त्यांनी दवाखान्यात असतं तसलं वासाचं औषध ओतलं होतं.

आई म्हणाली, "आंगूळ करूनच आलेय की ओ बाई."

करुणाबाई म्हणाल्या, "थोडं सोसा. साहेब हात लावणार आहेत."

आईने सोसलं. सोसायची तिला सवयच होती. मी तेव्हा अकरावीत होते. बाजूला उभी राहून बघत होते.

करुणाबाई म्हणजे मिशन कंपाउंडातल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आता चर्चच्या कमिटीवर. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून हार्मोनियम आहे, इंग्रजी आहे, भिंतीवर गोऱ्या मिशनरीबरोबरचा फोटो आहे. माझी आई महानगरपालिकेची झाडूवाली. पहाटे चौक झाडायचा, मग गटाराच्या कडेचा गाळ ओढायचा. आम्ही राहायचो वस्तीत. चर्चमध्ये सगळे एकमेकांना सलाम करतात, बंधू-भगिनी म्हणतात. पण आमचा विषय निघाला की म्हणायचे, "ते वस्तीतले." बाहेरच्या जगात आम्ही किरिस्ताव. आणि किरिस्तावांत आम्ही वस्तीतले. गंमत अशी की करुणाबाईंचे पणजोबाही अशाच एका वस्तीतून उठून मिशनच्या दारात आले होते. हे सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही.

आम्ही ख्रिस्ती झालो ते आजीमुळे. सांगोल्याकडच्या गावात तिला विहिरीवर जाता यायचं नाही. वरून कुणी ओतलं तर पाणी. एकदा दुपारी एक उपदेशक आला, तिच्या झोपडीपुढे सायकल लावली आणि म्हणाला, "मावशी, प्यायला पाणी द्या." आजी गांगरली. तिने आपली जात सांगितली. तो म्हणाला, "तहान लागलीय." तांब्या घेऊन तो घटाघटा प्याला आणि दुसऱ्यांदा मागितलं. आजीला शास्त्रातलं अक्षर कळत नव्हतं. पापक्षमा, तारण, पुनरुत्थान, सगळं नंतर. ती एवढंच म्हणायची, "ज्याचा मानूस माज्या हातचं पानी प्याला, त्यो द्येव माजा." आमच्या घराचं सगळं धर्मज्ञान त्या तांब्यात आहे. मी पुढे कितीही वाचलं तरी त्याच्यापुढे गेले नाही.

तर त्या वर्षी पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं की गुरुवारी पाय धुण्याचा विधी होईल. येशूने वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. दरवर्षी पाळकसाहेब स्वतः धुवायचे, कंपाउंडातल्या म्हाताऱ्या पंचांचे. या वर्षी आपल्या भागातले एक साहेब येणार होते. ते ख्रिस्ती नव्हते. निवडणुकीला उभे होते. पाळकसाहेब म्हणाले, "साहेबांची इच्छा आहे की गरिबांचे पाय धुवावेत." बारा शिष्य, म्हणून बारा जण हवे होते. बाराही वस्तीतले निवडले. गरीब शोधायला कमिटीला मुळीच वेळ लागला नाही.

आई हरखून गेली. हे मला आजही सहन होत नाही. ती हरखली होती. तिच्या टाचांना भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या. आठवडाभर ती रोज चर्चमधून आणलेले मेणबत्त्यांचे तुकडे खोबरेल तेलात वितळवायची आणि ते गरम मेण भेगांत भरायची. चटका बसला की दात आवळायची. मी म्हणाले, "कशाला एवढं?" तर म्हणाली, "अगं, येशूच्या नावानं कुनीतरी पायाला हात लावनार. माज्या पायाला. आजवर लाथाडलं लई जनांनी. धुतलं कुनी न्हाय."

नळाखाली ते मेण निघालं. काथ्याने घासून घासून निघालं. पांढरे तुकडे पाण्याबरोबर वाहत गेले आणि भेगा पुन्हा उघड्या पडल्या. पाणी भरपूर वाहत होतं. आमच्या वस्तीत चार-चार दिवस नळ कोरडा असायचा.

आत वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. पितळी घंगाळ, नवाकोरा सोलापुरी टॉवेल. साहेब आले, मागे दोन फोटोवाले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आई पहिल्या खुर्चीवर होती. साहेबांनी गुडघा टेकला, तीन बोटं पाण्यात बुडवून आईच्या पायावर फिरवली. फोटोवाला म्हणाला, "साहेब, परत एकदा." साहेबांनी परत एकदा केलं. "मावशी, पाय जरा वर धरा." आईने पाय वर धरला.

तेवढ्यात घंगाळातल्या पाण्यात लाल धागा उतरला. टाच फुटली होती. साहेबांनी हात झटकन मागे घेतला, टॉवेलला पुसला आणि पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब हळू आवाजात करुणाबाईंना म्हणाले, "यांना जरा मागं घ्या."

आईला उठवलं. भर उपासनेत. ती ओल्या पायांनी चालत मागच्या बाकावर आली, फरशीवर टाचेचे डाग उमटत गेले. ती माझ्याकडे बघून हसली. लाज वाटली की ती अशीच हसायची. मग पदराने स्वतःचे पाय पुसले.

पुढे आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. साहेब वाकलेले, हातात टॉवेल, खाली मोठ्या अक्षरांत सेवेचं काहीतरी. पाय आईचे होते. ते मला हजारांत ओळखू येतील. गुडघ्याच्या वर फोटो कापला होता. तो चौक आईकडेच होता. रोज पहाटे ती आपल्याच पायांखाली झाडू मारायची. निवडणूक झाली, साहेब निवडून आले, वाऱ्याने फ्लेक्स फाटला आणि त्याच्या चिंध्या आईनेच गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या.

माझा देवावरचा विश्वास गेला नाही. जायला हवा होता, असं माझे काही मित्र म्हणतात. पण मी त्या विधीच्या गोष्टीत पुन्हा पुन्हा जात राहिले. येशूने अंगरखा काढून ठेवला, कमरेला रुमाल बांधला. ते काम गुलामाचं होतं. ते करताना तो खाली उतरला. आमच्याकडे साहेब वाकले आणि वर चढले. येशूपुढे आलेल्या पायांवर रस्त्याची धूळ होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की आधी मागच्या नळावर जाऊन या. धुतलेले पाय धुण्यात कसली सेवा? आणि शिष्यांतला तो पेत्र, जो म्हणाला की तू माझे पाय धुवायचे नाहीत. प्रत्येक पाळक उपदेशात त्याला अडाणी ठरवतो. मला तो अडाणी वाटत नाही. समोर येशू होता म्हणून तो शेवटी कबूल झाला. समोर साहेब असते तर त्याने पाय आखडूनच घेतले असते, आणि बरोबर केलं असतं.

मी नर्स झाले. जुळे सोलापुरात, शहराच्या नव्या भागात, भाड्याने फ्लॅट घेतला, आईला तिथे आणलं. तिथे तिला करमायचं नाही. "झाडायलाच काय न्हाय हितं," म्हणायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. शेवटची आंघोळ मी घातली. टाचा मीच धुतल्या, हळू हळू, हाताने. काथ्या नाही. भेगा तशाच होत्या. मी रडत होते आणि धुत होते.

मातीला करुणाबाई आल्या होत्या. काठी टेकत, दारापर्यंत. सलाम केला, डोळे पुसले. माझ्या चुलतबहिणीने त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "नको गं, आहे माझ्याकडे," आणि पिशवीतून बाटली काढून दोन घोट घेतले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या बाईने आमच्या घरी कधीच पाण्याचा घोट घेतलेला नाही. नाताळात नाही, घर-प्रार्थनेला आल्या तेव्हा नाही. आम्ही एकाच प्रभूच्या मेजावर बसणारे लोक.

या वर्षी पुन्हा तोच घाट. पुन्हा साहेब. नवे पाळक माझ्या घरी आले. म्हणाले, "तुमच्या आईच्या स्मरणार्थ तुम्ही बारांत बसा." त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं, सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता कार्यक्रम ठरलाय, ताई."

गुरुवारी मी ड्यूटीवरून थेट गेले. चर्चमध्ये न शिरता मागे गेले. नळ चालू होता. दगडावर आमच्या वस्तीतली सुवार्ता बसली होती, माझ्या आईच्याच खात्यात झाडू मारते. बाकीच्या बायका रांगेत. करुणाबाई खुर्चीवर बसून काठीने दाखवत होत्या, "तिथं घास. अंगठ्याच्या खाली."

मी नळ बंद केला.

"अगं, काय करतेस? साहेब हात लावणार आहेत."

तेच शब्द. एवढ्या वर्षांनी एक अक्षर बदललेलं नव्हतं.

मी म्हणाले, "मग साहेबांनी हात धुऊन यावं."

माझ्या पर्समध्ये घरून भरलेली पाण्याची बाटली होती. मी झाकण उघडलं आणि करुणाबाईंपुढे धरली. "माझ्या घरचं आहे. एक घोट घ्या. मग मी स्वतः खुर्चीवर बसते, हवे तेवढे पाय धुवा."

त्या बाटलीकडे बघत राहिल्या. आत हार्मोनियम सुरू झालं होतं. मला खरंच वाटत होतं की त्या घेतील. देवाशप्पथ, मी आतून प्रार्थना करत होते की बाई, घ्या. एक घोट. माझ्या आजीसाठी घ्या.

"आज उपास आहे माझा," त्या म्हणाल्या.

"उपासाला पाणी चालतं, बाई."

त्यांनी तोंड फिरवलं.

सुवार्ता उठली. ओले पाय तसेच चपलेत घातले. "चला गं," म्हणाली. एक-एक करून सगळ्या निघाल्या. जाताना तिने माझ्या हातातली बाटली घेतली, प्याली आणि पुढच्या बाईला दिली.

त्या संध्याकाळी वेदीपुढच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. साहेब थोडा वेळ थांबून गेले. कमिटी माझ्याविरुद्ध ठराव करणार म्हणतात. करू देत. मी ही मंडळी, हे चर्च सोडणार नाही. माझ्या आजीने दिलेला देव मी कंपाउंडाच्या हवाली करून जाणार नाही. पुढच्या रविवारी मी तिथेच बसणार आहे, पहिल्या बाकावर, ड्यूटीच्या धुळीसकट.

आणि वस्तीतल्या घराघरांत जाऊन मी सांगून ठेवलं आहे. पुन्हा कुणी पाय धुवायला आलं, पाळक असो, साहेब असो, कुणीही असो, तर पाय पुढे करायचे नाहीत. तांब्या पुढे करायचा.