भुईखालचे खांब

ऐन माघातसुद्धा घुग्घुसच्या आमच्या अंगणातली भुई पायांना उबदार लागे. खालच्या बंद खाणीतला उरलासुरला कोळसा भूगर्भात मूकपणे धुमसत असायचा, आणि आम्ही मुली मात्र हौसेनं तिथं अनवाणी उभ्या राहायचो! अज्ञानातही केवढं सुख असतं!

ऐंशीच्या दशकातली आमची गल्ली अठरापगड होती. आम्ही बौद्ध, शेजारी तेलुगू, टोकाला गोंड आणि छत्तीसगढी. पण या गजबजलेल्या गल्लीच्या खाली निबिड अंधाराची आणखी एक निर्मनुष्य गल्ली आहे, हे सांगायचे ते मल्लय्याभाऊ. सारी उमर खाणीत घालवलेला हा म्हातारा भर दुपारी काठी ठोकत फिरे आणि कान तिरपा करून जमिनीचं ऐके. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखतात. पुढे त्यातलेही बरेच काढून नेले होते. कुणाच्या घराखाली खांब उरलाय आणि कुणाच्या घराखाली नुसती पोकळी, हे भाऊंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक म्हणत, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

दादाच्या लग्नासाठी आईनं खोली काढायला घेतली, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. "बाई, इथी नोका बांधू. खाली खांब नाई." आई भडकलीच. "तुमाले काऊन मालूम?" भाऊंनी मान खाली घातली. "मीच काढला ना तो." खोली दुसरीकडे झाली, आणि त्याच पावसाळ्यात ती जागा हातभर खचली.

मग त्यांनी मला धरलं. "पोरी, मी गेल्यावर कोन सांगन?" घराघरांत नेऊन, उंबऱ्यापासून खांबापर्यंत पावलं मोजत त्यांनी मला खालची गल्ली पाठ करायला लावली. आणि मी? माझं अर्धं लक्ष ओच्यातल्या बोरांकडे! म्हातारं माणूस आपली स्मृती सोपवू पाहतं, तेव्हा घेणाऱ्याचे हात रिकामे असतातच कुठे?

भाऊ गेले. पुढे टोकाच्या घरातली गोंडांची सून एका सकाळी तान्हं लेकरू घेऊन माझ्याकडे आली. "ताई, भाऊनं तुले शिकवलं म्हन्ते. लेकराले कुठी झोपवू?"

मी तिच्या उंबऱ्यात उभी राहिले. सात पावलं की नऊ? आठवत नाही, एवढं सांगायला माझी जीभ का उचलली नाही? मी सात पावलं मोजली आणि बोट दाखवलं. तिनं हसून तिथंच आढ्याला झोळी बांधली आणि लेकराला निजवलं.