नमुन्याची बाटली आणि शरीफचाचा

नदीचं पाणी घागरीत भरून ठेवलं की तळाला गाळ बसतो, आपल्याला काही करावं लागत नाही. किस्से तसेच साठतात. तेरणा नदी डोंगरातून उतरते तिथं आमचं गाव. मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला, जोडीला शरीफचाचा. नदी तपासायला साहेब आले की आम्ही दोघं हजर!

पहिल्यांदा साहेबांनी पाण्यात थर्मामीटर धरला, तेव्हा चाचा काळजीनं जवळ सरकले.

"साहेब, ताप हाय का तिला?"

*

एकदा नदीचा वेग मोजायचा होता. वरून नारळ सोडायचा आणि पुलापाशी किती वेळात येतो ते बघायचं. साहेब घड्याळ धरून बसले. नारळ काही येईना! वळणावर जाऊन बघितलं, तर कौसाबाई धुणं सोडून बायांना खोबरं वाटत होती.

"नदीनं सोताहून दिला, साहेब. घ्या परसाद!"

*

फॉर्मात पाण्याच्या रंगाचा रकाना होता. नदीला पूर आलेला. मी सांगितलं, "चहासारखा."

चाचा म्हणाले, "दुधाचा का बिनदुधाचा, नीट सांगा. सरकारी कागद हाय!"

*

यंदा मात्र हसू पळालं. नदीकाठच्या विहिरीला लाल कार्ड मिळालं, म्हणजे पाणी पिण्यालायक नाही. फेरतपासणीत पाणी नापास झालं, तर विहीर बंद! मग कौसाबाईसकट सगळ्या बायांना घाट उतरून खालच्या गावातून पाणी आणावं लागणार. आम्ही विहीर उपसली, ब्लीचिंग पावडर टाकली, नमुना भरला आणि एसटीनं धाराशिवला निघालो. बाटली सांभाळायला चाचांच्या मांडीवर दिली.

वाटेत चाचांना उचकी लागली. थांबता थांबेना. मी खिडकीबाहेर बघत बसलो. जरा वेळानं उचकी थांबली. बरं वाटलं. वळून बघतो, तर बाटली रिकामी!

"चाचा, गावाचा नमुना पिलात की हो!"

"लई गोड हाय. पास झालं म्हणून समजा."

प्रयोगशाळेत मॅडमनी विचारलं, "नमुना कुठंय?"

मी रिकामी बाटली टेबलावर ठेवली. चाचाच पुढं झाले. "म्या हाय की! पिऊन तास झाला, पोट बी दुखत न्हाय. तपासा!"

मॅडमनी चाचांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "उद्या अकराच्या आत नवा नमुना आणा," म्हणाल्या आणि कपाटातून दोन बाटल्या काढल्या. एकीवर लिहिलं, 'विहीर'.

दुसरीवर, 'चाचा'.