आता शिवा

"मोजल्याबिगर शिवायचं नाय." ती असं म्हणाली की नारायणगावच्या आमच्या दवाखान्यातले डॉक्टर सुई हातात धरून थांबत. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला वापरलेले गॉजचे तुकडे ती ट्रेमध्ये एकेक मांडून मोठ्याने मोजायची. दहा आत गेले तर दहाच बाहेर यायला हवेत. थिएटरमध्ये तिच्याबरोबर मीही नर्स होते.

एकदा एक तुकडा कमी भरला. अर्धा तास सगळे शोधतोय. शेवटी तो तिच्याच स्लिपरच्या तळाला चिकटलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पेशंटऐवजी तुमचीच तपासणी करायला हवी होती." ती शांतपणे म्हणाली, "गावला ना? आता शिवा."

अशी एखादी हट्टी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. ही मात्र मुलीचं लग्न उरकून, पन्नाशीनंतर सुदानच्या एका दवाखान्यात काम करायला निघाली. तिथे लढाई पेटलेली. मी स्पष्ट सांगितलं, "अगं, निमगाव सावाला जाणाऱ्या जीपमध्ये चढताना तुला हात द्यावा लागतो."

"तिथं जीप दारात येती म्हणं."

सहा महिन्यांनी परतली तेव्हा चहा पिता पिता एका मुलीची गोष्ट सांगितली. आठ वर्षांची पोर, तोफगोळ्याची कपची पोटात घुसलेली. जवळच गोळे पडू लागले. परदेशी सर्जनला पोट शिवून सगळ्यांना तळघरात न्यायचं होतं. हिच्या ट्रेमध्ये नऊच तुकडे. इंग्रजी ऐन वेळी आठवेना, तेव्हा ही सर्जनसमोर नऊ बोटं नाचवत चक्क मराठीत भांडली. त्याने पुन्हा हात घातला. दहावा तुकडा यकृतामागे होता. पोर वाचली.

"भ्या नाय वाटलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"लई वाटलं. म्हणून तर दोनदा मोजलं."

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. या वेळी परतली नाही. गोळ्याने नव्हे, तापाने गेली.

महिन्याभराने तिथल्या तिच्या मदतनिसाचा व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज आला. माझा नंबर त्याने तिच्या फोनमधून घेतला होता. त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळलं: ती गेली, आता थिएटरमध्ये मी मोजतो. मग त्याने मराठीत मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, तिच्यासारखंच प्रत्येक आकड्यावर थांबत, थेट दहापर्यंत.

मग तो म्हणाला, "आता शिवा."