बायकोचा आवाज आणि नवा मदरबोर्ड

बाजारात सगळे त्यांना वकील म्हणत. कोर्टाची पायरी त्यांनी उभ्या आयुष्यात चढली नव्हती. त्यांचं दुकान संगणक दुरुस्तीचं, तेही एका जिन्याखाली, जिथे उंच गिऱ्हाइकाला मान वाकवूनच आत यावं लागे. वकील हे नाव पडलं ते एका खोडीमुळे. कुठलाही प्रोग्राम टाकताना पडद्यावर एक लांबलचक करारनामा येतो. सगळं जग तो न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारून पुढे जातं. हा गृहस्थ मात्र तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, आणि नुसता वाचून थांबायचा नाही, तर गिऱ्हाइकाला उभं करून ऐकवायचा.

“हे बघा काय म्हणतायत. पैसे तुम्ही मोजले, पण वस्तू तुमची नाही. तुम्हाला नुसती वापरायची परवानगी. उद्या त्यांच्या मनात आलं की परवानगी रद्द. खुर्ची विकत घेतली आणि दुकानदार म्हणाला, बसताना दर वेळी मला विचारायचं, तर घ्याल का तुम्ही?”

“वकीलसाहेब, मला नुसती बिलं छापायची आहेत हो.”

“छापा ना! पण कुणाच्या मेहेरबानीवर छापताय ते तरी कळू दे.”

मतं त्यांच्याकडे पोत्याने होती. ज्या लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डाला डाग देऊन कायमची चिकटवलेली असते, तो बनवणाऱ्याला ते ‘गिऱ्हाइकाचा वैरी’ म्हणत. न विचारता स्वतःला अपडेट करून घेणाऱ्या सिस्टीमला ‘घरजावई’ म्हणत. पेटंटचा विषय निघाला की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवत, कारण एकदा रागाच्या भरात त्यांनी तो स्वतःच्याच अंगठ्यात खुपसला होता. “दोर वळला म्हणून विहीर याच्या नावावर? मग बाकीच्यांनी तहान लागल्यावर काय करायचं?” समोरच्याला पटो न पटो, ते त्याच्या संगणकावर फुकटची, सर्वांसाठी खुली असलेली सिस्टीम टाकून देत. निम्मी गिऱ्हाइकं आठवड्यात परत येत आणि जुनंच होतं ते बरं होतं म्हणत. मग वकील हिरमुसून ते परत टाकत, करारनामा वाचून.

या माणसाला गप्प करू शकणारी जगात एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. तिला आख्खी आळी वहिनी म्हणायची. वहिनींचा आवाज किंचित नाकातला, पण खणखणीत. तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खालच्या सायकलवाल्याचा पाय आपोआप जमिनीला टेकायचा. वहिनींना बोलायला विषय लागत नसे, माणूस लागे. माणूसही नसला तर त्या कुकरशी बोलत.

त्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. घरी येताना वकील काहीतरी धीराचं बोलू पाहत होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुम्ही नका बोलू आता. थोडे दिवस मला बोलू द्या.”

त्याच दिवसांत वकिलांना एका कंपनीची माहिती मिळाली. ऑपरेशनच्या आधी माणसाने काही दिवस त्यांच्या प्रोग्रामसमोर बसून दिलेली वाक्यं वाचायची. कंपनी त्यातून त्याचा आवाज घडवते. पुढे आपण टाइप करायचं, संगणक आपल्याच आवाजात बोलतो. कंपनी त्यांना चांगलीच ठाऊक होती. खुल्या प्रोग्रामवाल्या काही भल्या माणसांनी अगदी हेच काम सर्वांसाठी फुकट करायला घेतलं होतं. तेव्हा याच कंपनीने पेटंटची नोटीस धाडून त्यांना गाशा गुंडाळायला लावला होता. त्या वेळी वकिलांनी दुकानात तासन् तास त्या कंपनीचा उद्धार केला होता. आता त्याच कंपनीचा प्रोग्राम ते घरच्या संगणकावर चढवत होते. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

करारनामा आला. वहिनी मागे पाण्याचा पेला घेऊन तयार बसल्या होत्या. वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकही ओळ न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारली. घाई होती हे खरं, पण ते काही खरं कारण नव्हे. वाचला असता तर तो मान्य करता आला नसता, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि मान्य न करून चालणार नव्हतं.

वहिनींनी वाक्यं वाचली. ‘पिवळी छत्री पायरीवर उघडी होती.’ ‘सुताराने मोजून फळी कापली.’ अशी शेकडो. मधेच त्या वैतागत, “अहो, कुठल्या मेल्याने लिहिलंय हे? छत्री उघडी टाकून गेली कुठे ती बाई?” मग हसत, आणि वाक्य पुन्हा वाचावं लागे.

ऑपरेशन पार पडलं. आता श्वास गळ्याच्या खाली ठेवलेल्या भोकातून चालायचा. घरी आल्यावर वहिनींनी पहिल्यांदा टाइप केलं आणि संगणक बोलला, “घर किती घाण केलंत हो!” तोच आवाज, तेच किंचित नाकातलं. वकील रडले. उगाच कशाला लपवायचं, पोरासारखे हुंदके देऊन रडले.

तक्रार एकच होती. टाइप करून झाल्यावर आवाज निघायला वेळ लागे; संगणक जुना म्हणून, असं वकिलांचं मत. पाहुणे जिना उतरून गेले की मागून आवाज यायचा, “बसा ना, चहा ठेवते.” भांडणात तर वहिनींची फार पंचाईत व्हायची. वकील आपला मुद्दा मांडून आंघोळीला जात आणि खोलीत ऐकायला कुणी नसताना उत्तर उमटायचं. आयुष्यभर शेवटचा शब्द ज्या बाईचा असायचा, तिचा शब्द आता रिकाम्या खुर्चीला ऐकू जात होता. वहिनी पाटीवर खडूने लिहीत, “तुमचं संगणकाचं दुकान काय कामाचं?” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा टोमणा मात्र वर्मी लागला.

म्हणून एका दुपारी वहिनी बहिणीकडे गेल्या असताना वकिलांनी नवा मदरबोर्ड आणला. दुकानातला सगळ्यात चांगला, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला. शीळ घालत जुना काढला, नवा बसवला, धूळ पुसली, पंख्याला तेल दिलं. संगणक भराभर सुरू झाला. त्यांनी प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर एक चौकट आली. ‘हा परवाना दुसऱ्या यंत्रासाठी दिलेला आहे.’

लगेच वकिलांच्या लक्षात आलं. परवाना बोर्डाच्या क्रमांकाला बांधलेला होता. हीच गोष्ट त्यांनी आजवर किती गिऱ्हाइकांना समजावली असेल! घाईघाईने त्यांनी जुना बोर्ड परत बसवला. आता चौकटीतलं वाक्य बदललं. ‘एकच परवाना दोन यंत्रांवर वापरल्याचे आढळले. परवाना गोठवण्यात आला आहे.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

वहिनी आल्या, चपला काढल्या, संगणकासमोर बसल्या. आज बहिणीकडचं बरंच काही सांगायचं होतं, चेहऱ्यावरूनच दिसत होतं. त्यांनी भराभर टाइप केलं आणि वाट पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं. वकील म्हणाले, “अगं, होईल. फोन करतो त्यांना.”

फोन केला. फोनवरची बाई गोड बोलत होती. ती जुनी कंपनी आता राहिली नव्हती. एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली होती, पेटंटसाठी. पेटंट ठेवलं, प्रोग्राम विकणं बंद केलं, जुने परवाने तेवढे चालू ठेवले. गोठलेला परवाना सोडवणारं खातंच उरलं नव्हतं.

“ताई, आवाज माझ्या बायकोचा आहे. तो तरी परत द्या.”

“सर, आवाजाचं मॉडेल आमच्या मालमत्तेत येतं. करारात कलम आहे सर. तुम्ही मान्य केलंय ते.”

वकिलांनी फोन ठेवला. बोलण्यासारखं ते आयुष्यभर बोलून चुकले होते.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दुकान होतं. मालकाला सगळे डुप्लिकेट शेठ म्हणत. प्रोग्रामची कुलपं फोडून फुकटात वाटणं हा त्याचा धंदा. वकील त्याला तोंडावर चोर म्हणायचे. खुलं करून देणं वेगळं आणि चोरून देणं वेगळं, यावर दोघांची भर रस्त्यात जुंपायची. त्या दुकानाची पायरी वकील संगणक उराशी धरून चढले. शेठने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. त्याने मुकाट्याने स्टूल पुढे केलं, गिऱ्हाइकं परत पाठवली आणि कामाला लागला.

दोन दिवसांनी शेठ स्वतः जिन्याखालच्या दुकानात आला. मान वाकवून आत शिरला आणि वाकलेलाच उभा राहिला.

“वकीलसाहेब, कुलूप फोडलं मी. पण आत काहीच नाही. वहिनींचा आवाज या डब्यात कधी नव्हताच. वाक्य तिकडे कंपनीकडे जायचं, बोलून परत यायचं. तिकडचं दारच आपल्याला बंद झालंय.” मग तो म्हणाला, “पैसे नकोत मला.”

मग वकिलांनी खुल्या प्रोग्रामचा फुकट आवाज बसवला. त्याचं कौतुक ते आयुष्यभर करत आले होते, आणि आवाज वाईट नव्हताच. स्वच्छ, सरळ, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. वहिनींनी टाइप केलं, “भात कमी लावू का?” आणि कुणी परकीच बाई ते बोलली. वहिनींनी पडदा बंद केला. त्या दिवसापासून त्या सगळं पाटीवरच लिहू लागल्या, आणि पाटीवर माणूस लिहून लिहून किती लिहिणार? ‘मीठ.’ ‘गॅस संपला.’ ‘डॉक्टर सोमवारी.’ कुकरशी बोलणं तर कधीच थांबलं होतं. वकिलांचीही दुकानातली मतं आटली. करारनामा आला की ते टिचकी मारायचे आणि पावती फाडायचे. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारा सुधारला.

तक्रारी मात्र ते पाठवत राहिले. अखेर मोठ्या कंपनीचं उत्तर आलं, अगदी अदबीचं. झाल्या गैरसोयीबद्दल खेद होता. जुने ग्राहक म्हणून नवा प्रोग्राम त्यांना विनामूल्य, कायमचा, यंत्राचं बंधन नसलेला. अट एकच. जुनं मॉडेल नव्या प्रोग्रामला चालत नाही, तेव्हा आवाज नव्याने नोंदवावा लागेल. लग्नाच्या चित्रफितीतला किंवा फोनमधला जुना आवाज चालणार नाही. कुणी कुणाचा आवाज चोरू नये म्हणून त्या व्यक्तीने स्वतः मायक्रोफोनसमोर बसून वाचायला हवं.

वकिलांनी ते दोनदा वाचलं. सगळ्यात वाईट म्हणजे नियम त्यांना पटला. आवाज ज्याचा त्याच्याच मालकीचा, दुसऱ्या कुणी तो उचलू नये, हेच तर ते म्हणत आले होते. भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनीही वाचलं. पाटी घेतली आणि लिहिलं, “कुजबुज ऐकू येते का त्याला?”

मायक्रोफोन काय पकडतो आणि काय नाही, हे वकिलांना पुरेपूर ठाऊक होतं. कुजबुजीलाही छातीतली हवा तोंडातून यावी लागते. वहिनींची हवा तोंडापर्यंत पोचतच नव्हती. ते म्हणाले, “बघू या.”

वहिनींनी केस नीट केले. खुर्ची पुढे ओढली. करारनामा आला, तो त्यांनीच मान्य केला. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत सूचना उमटली, ‘खालील वाक्य आपल्या नेहमीच्या आवाजात वाचा.’ वाक्य होतं, ‘आज हवा छान आहे.’

वहिनींनी वाचलं. ओठ नीट हलले, एकेक शब्द वेगळा, पूर्वी वाचायच्या तसाच. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा सुटली. पडद्यावरची रेघ आडवीच राहिली.

‘आवाज ऐकू आला नाही. कृपया मायक्रोफोन तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा.’

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं बिघाड झाला की घरातलं प्रत्येक माणूस त्यांच्याकडे पाही, तसंच पाहिलं. वकील उठले, वाकून टेबलामागे हात घातला, मायक्रोफोनची वायर काढली, तिचं टोक सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा नीट खोचली.

“हं,” ते म्हणाले. “आता वाच.”