केनवडच्या बारशाची खरी हकीकत

“म्हाताऱ्याने मेलेल्या बायकोचे नाव नातीच्या माथी मारले आणि विहीणबाईला भर मांडवात रडवले.”

वाशीमच्या बसस्थानकासमोरील चहाच्या टपरीवर ही हकीकत अजूनही सांगितली जाते. सांगणारे गृहस्थ निवृत्त तलाठी आहेत. ते त्या दिवशी केनवडला नव्हते. मी होतो. ज्यांच्याविषयी हे बोलले जाते ते आता उत्तर द्यायला नाहीत, म्हणून मी देतो. चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या माणसाला चुकीचे उत्तर खोडल्याशिवाय झोप लागत नाही.

ते आसेगावच्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि वाशीमला माझ्या शेजारी राहत. जातीने यहुदी. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरातून निघताना आणि घरात शिरताना ते दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या एका लहानशा तिरप्या डबीला दोन बोटे लावत आणि ती बोटे ओठांना टेकवत. त्या डबीत त्यांच्या धर्माचे वचन लिहिलेली गुंडाळी होती. नवख्या माणसाला ती विजेची घंटा वाटे. एकदा एक शेतकरी ती दाबत बराच वेळ दाराशी उभा राहिला आणि शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, साहेबाची घंटी बिघडली वाट्टे.”

शनिवारी ते शक्यतो रजा टाकत. त्यांच्यात तो विसाव्याचा पवित्र दिवस. आसेगावने मात्र याचा अर्थ परस्पर लावून टाकला की साहेबांना साडेसाती आहे. एक भला माणूस शनीला वाहण्यासाठी तेलाची बाटली त्यांच्या दारात ठेवून गेला. यांनी त्याला दुखावले नाही. ते तेल त्याच माणसाच्या बैलाच्या सोलवटलेल्या खांद्याला आठ दिवस चोळले. बैल बरा झाला आणि शनीची कीर्ती वाढली.

दवाखान्यात गुरांचे मालक फार बोलतात. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे शेजाऱ्याने काही खाऊ घातले. कंपाउंडर सर्वांना हाताने मागे सारत आणि म्हणत, “तुमी थांबा. ज्याचं दुखते त्याले विचारू द्या.” मग ते जनावराच्या पोटावर तळहात ठेवून उभे राहत. हे वाक्य लक्षात ठेवा. तलाठ्यांनी ते कधी ऐकलेच नसावे.

आमच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारणारा पुरुष विरळा. हे मारत, आणि तीही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. “मिलका!” सायकल भिंतीला टेकण्याआधी हाक येई आणि आतून “ओ, आली!” असे उत्तर येई. मिलकाबाई गेल्या त्यानंतर गल्लीत ती हाक थांबली. भिंतीवर तसबीर होती, परंतु तिच्याकडे पाहतानाही ते ते नाव उच्चारत नसत. “घरातले गेले,” एवढेच म्हणत.

पुढच्या वर्षी सून बाळंत झाली. मुलगा एकुलता एक. त्याने केनवडच्या एका बौद्ध घरातील मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. मुलगी गुणी होती आणि सासूवर तिचा जीव होता. बाळंतपण माहेरी झाले, मुलगी झाली. बारशाच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच बसलो होतो. फोनचा आवाज मोठा ठेवण्याची त्यांना सवय होती.

“बाबा, आईंचं नाव ठेवतो आमी पोरीले. तुमच्यात गेलेल्या मानसाचं ठेवतात ना?”

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “बाई, तुह्या आजीले जाऊन दोन महिने नाई झाले. तुह्या मायची माय ते. तुह्या मायचं दुखणं अजून ओलं हाय. यमुनाबाईंचं नाव ठेव. माह्यं ऐक.”

आता तलाठ्यांनी सांगावे, माथी मारणारा माणूस असा बोलतो काय?

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याशी भांडलो. “तुम्हाला हेच हवे होते ना? मग नाही कशाला म्हणालात?”

“हवं तं होतंच, गुरुजी. आमच्यात लेकराले गेलेल्याचं नाव देतात, मंग ते नाव घरात फिरत राह्यते. हाक मारली का कोनीतरी ओ देते.” त्यांनी चष्मा पुसला. “पन ज्याचं दुखते त्याले विचारा लागते.”

“तुमचे दुखत नाही?”

यावर ते उठले आणि चहा टाकायला आत गेले. चहा अतिशय वाईट झाला होता.

बारशाला आम्ही एसटीने केनवडला गेलो. त्यांच्या मांडीवर मलिद्याचा डबा होता. पोहे, गूळ आणि खोबरे घालून त्यांनी स्वतः केलेला. त्यांच्यात शुभकार्याला तो लागतो. मांडवात वंदना झाली, पाळणा सजला. कंपाउंडर मात्र डबा घेऊन अगदी मागे, पाण्याच्या टाकीशी, परक्यासारखे उभे राहिले. नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, आणि या बाळाला आत्या नव्हती. बायकांत चर्चा सुरू झाली. कोणी चुलत, कोणी मानलेली सुचवू लागले.

तेव्हा विहीणबाई पदर खोचून पुढे आल्या. “आत्या नाई तं का झालं? मी हावो ना!” त्या पाळण्यात वाकल्या, बायकांनी त्यांच्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घातले, आणि सरळ उभ्या राहून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मिलका!”

मागून डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. कंपाउंडर माणसांतून वाट काढत पुढे आले. “इहीनबाई, यमुनाबाईंचं ठरलं होतं. मी सांगतलं होतं पोरीले.”

“तुमी सांगतलं, अन् मी ऐकलं नाई!” विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. “इवाई, माह्या मायचं नाव चालवाले आमी पाच भावंडं हाओत. आमचे लेकरं, त्यांचे लेकरं. आज नाई तं उद्या कोनाच्या तरी पाळण्यात ते नाव पडनच. तुमच्या घरात ही एवढीशी एकटी हाय. इथं चुकलं तं मिलकाबाईचं नाव कोन घेनार? तुमी तं घेतच नाई! घ्या, आता मारा हाक. पाहू.”

कंपाउंडर पाळण्याजवळ आले. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग सायकल भिंतीला टेकल्यासारखी ती जुनी हाक आली, सबंध केनवडला ऐकू जाईल अशी: “मिलका!”

बाळ दचकले आणि जोरात रडू लागले.

“घ्या इवाई,” विहीणबाई म्हणाल्या, “ओ देली तिनं!” आणि हसता हसता त्यांना रडू फुटले.

होय, त्या रडल्या. सूनही रडली. मीही रडलो, आणि तलाठ्यांनी ते टपरीवर खुशाल सांगावे. मलिद्याचा डबा दहा मिनिटांत रिकामा झाला.

सून नातीला घेऊन वाशीमला परतली आणि गल्लीत ती हाक पुन्हा सुरू झाली. नात चालू लागली तशी ती हाक ऐकून धावत बाहेर येई, आणि हे गृहस्थ काम नसतानाही दिवसातून दहा वेळा हाक मारत. मी तक्रार केली की माझी दुपारची झोप मोडते. “मोडू द्या,” ते म्हणाले. मागच्या हिवाळ्यात ते गेले. आता त्यांच्या दाराशी सायकल नाही, आणि चौकटीवरच्या डबीला बोटे लावायला त्या पोरीला कोणीतरी उचलून घ्यावे लागते.

तलाठी म्हणतात, विहीणबाईंनी तो अपमान कायम मनात ठेवला. मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. बारशाच्या पुढल्याच वर्षी विहीणबाईंच्या मुलाला मुलगी झाली. तिचे नाव यमुना ठरले. हक्काची आत्या, म्हणजे कंपाउंडरांची सून, पाळण्याशी हजर होती. तरी विहीणबाईंनी तिला बाजूला सारले, माणूस पाठवून वाशीमहून व्याह्यांना बोलावून घेतले, आणि आपल्या आईचे नाव बाळाच्या कानात त्यांच्याकडून सांगवले. व्याह्यांच्या पाठीतला पहिला धपाटाही विहीणबाईंनीच घातला.