नाक बंद पडलेला मिस्त्री

मिस्त्री गाडीपाशी आला की आधी स्वतःच्या नाकावर बोट ठेवायचा. "ये बंद हाय. वास कसा, ते तुमी सांगा."

तरणेपणापासून रबरी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढलेलं, त्यात त्याचं नाक कामातून गेलं. अत्तर, भजी, मेलेली घूस, त्याला सगळं सारखंच. गाडीला वास मारतो म्हणून ज्याला बोलवायचं त्यालाच वास येत नाही. तुम्ही हसाल. आम्ही पण हसायचो. पण तेव्हा गंगाखेडात दुसरा मिस्त्री नव्हता, मग हसून झालं की त्याच्याच दारात जायचो.

बढाई तर लय. "बडेबडे साहेब लोकांच्या गाड्या ह्या हातानं खोलल्या," म्हणायचा. खोलल्या का नुसत्या धुतल्या, अल्ला जाणे. त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, एवढं आम्हाला माहीत होतं. कोणतं निम्मं, ते कळायचं नाही.

मी एका जमीनदाराकडं गाडीवर होतो. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. त्या साली दसरा झाला आणि गाडीनं दोन खोड्या काढल्या. कचेरीपुढं उन्हात उभी केली की पेट्रोलचा भपकारा. आणि लांबच्या वाटेला लागली की मधेच धाप लागून बंद. थोडा वेळ झाडाखाली थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

मालकाचं डोकं तेज. त्यानं दोन्हीचा मेळ घातला. "पेट्रोल विकतोस आन् वरून घासलेट वततोस. म्हणून गाडी मरती, आन् म्हणून तुझ्या अंगाला वास." अमावास्येपर्यंत वास गेला नाही तर मी गेलो, असं सांगून टाकलं. काम गेलं असतं तर दुसरं बघितलं असतं. पण तालुक्यात गाड्या किती? चोर म्हणून हाकललेल्या डायवरला कोण चाक हातात देतं?

मिस्त्री आमच्या घरी आला. मला काही विचारलंच नाही. चुलीपुढं बसलेल्या माझ्या बायकोला म्हणाला, "भाभी, ह्याचे कपडे तुमी धुता. बोला."

बायको म्हणाली, "गाडी बाहीर गावाला पळून आली, तर सदऱ्याला वास न्हाई. दिसभर कचेरीपुढं हुबी राहिली, की धुतला तरी जाईना."

"बरोबर?"

"माझं नाक हाय ते, तुमचं न्हाई."

मिस्त्री खूश झाला. मला म्हणाला, "डायवर, तू घरी बस, भाभीला गाडीवर पाठव." बायको वारल्यापासून हे वाक्य माझ्या कानात फार येतं. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोखर्णीच्या वाटेला लागलो. मागं मालक, माझ्या शेजारी मिस्त्री. अर्धी वाट झाली आणि गाडी आचके देऊन बंद पडली. मालक म्हणाला, "बघ, घासलेट."

मिस्त्री खाली उतरला. बॉनेटकडं गेलाच नाही. मागं जाऊन टाकीचं टोपण फिरवलं. लहान पोरानं रडता रडता श्वास ओढावा तसा आवाज झाला. "हँडल मार आता," म्हणाला. मी मारली. गाडी चालू.

टोपणाला हवेसाठी बारीक भोक असतं. मिस्त्रीनं टोपण उजेडात धरलं, नखानं खरवडलं आणि माझ्याकडं बघितलं. भोकात कुंकू आणि चंदन वाळून दगड झालं होतं. टाकी उन्हात तापली की आतला वायू बाहेर पडायला वाट नाही, म्हणून वरच्या सांध्यातून पेट्रोल पाझरायचं. गाडी पळाली की बाहेरची हवा आत जायला वाट नाही, म्हणून इंजनाला पेट्रोल पोचायचं नाही.

"घासलेट हाय का न्हाई?" मालकानं विचारलं.

"घासलेट न्हाई."

"मंग काय?"

"ते मी आईसाहेबांना सांगतो."

आईसाहेब म्हणजे मालकाची आई. दसऱ्याला गाडीची पूजा तीच करायची. मी मिस्त्रीला कोपरानं ढोसलं. "आरं सांग की. माझं नाव जायलंय."

तो हळू म्हणाला, "डायवर, दिवस कैसे हैं, देख ना." मी कोपर मागं घेतलं. मुसलमान माणसानं मालकाच्या तोंडावर म्हणायचं, की तुमच्या पूजेनं गाडी बिघडली. त्या वर्षांत.

वाड्यावर आईसाहेब सुपारी कातरत होती. मिस्त्री पायरीखाली उभा राहिला. "आईसाहेब, देवाला गंध कुठं लावता?"

"कपाळाला. का रे?"

"नाकात का लावत न्हाई?"

"देवाला गुदमरवू का?"

मिस्त्रीनं टोपण तिच्यापुढं ठेवलं. म्हातारीनं ते डोळ्यापाशी नेलं, मग लांब धरलं. "मला वाटलं हे गाडीचं तोंड. जिथून खाती तिथं चांगलं थापून लावलं." मग लेकाकडं वळली. "ह्याला चोर म्हणलास व्हय? चोर मी हाय. हाकल मला."

मालक मला म्हणाला, "उद्या सकाळी गाडी लवकर काढ." बस. त्याची माफी एवढीच.

पुढच्या दसऱ्याला आईसाहेबांनी मिस्त्रीलाच बोलावलं. "टोपणाला गंध तूच लाव."

"मेरेकू नक्को, आईसाहेब. लोक काय म्हणतील? दोन्हीकडचे."

"म्हणतील, मिस्त्री हाय."

मग त्यानं भोकात आगकाडी खोवली, भोवतीनं गोल गंध लावलं आणि काडी हळूच उपसून घेतली. दरसाली हेच. दरसाली कुरकुर आणि दरसाली वेळेच्या आधी हजर. प्रसादाचं खोबरं खाताना माझ्या बायकोला विचारायचा, "भाभी, ताजं हाय का खवट?" ती मुद्दाम खवट म्हणायची. तो सगळं खायचा.

मग हैद्राबाद राज्य मोडलं, आमचा जिल्हा मुंबईकडं गेला. मिस्त्रीचा लेक तिकडं हैद्राबादेत कामाला. "मी कुठंच गेलो न्हाई, डायवर. राज्यच गेलं," म्हणाला, आणि पेटी घेऊन गेला. पत्र नाही. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि मला आलं असतं तरी काय लिहिणार होतो?

त्या साली दसऱ्याला गाडी धुतली. झेंडू बांधला, लिंबू चिरडलं. पूजेला बोलावलेल्या गुरुजींनी गंधाचं बोट टोपणाकडं नेलं तसं आईसाहेबांनी त्यांचा हात धरला. "तिथं नगं."

सगळी गाडी कुंकवानं माखलेली, आणि मागं ते टोपण तेवढं कोरडं.